येसू गवंडिणीचा उंबरा

खडकेवळ्याच्या माळावर तेव्हा बाभळीसुद्धा नव्हत्या, नदी आत्तापेक्षा गावाच्या जवळून वाहायची, आणि कुणाच्या पणजोबाच्या पणजोबालाही नीट आठवणार नाही इतकी ही जुनी गोष्ट आहे. पण गावात नवं घर उभं राहिलं की ती अशी सांगतात, जणू मागच्या बाजारच्या दिवशी घडली.

त्या काळी खडकेवळ्यात धुळाजी नावाचा गवंडी राहायचा आणि त्याची बायको होती येसू. धुळाजीच्या हाताला देवानं गुण दिला होता. त्यानं भिंत रचली की मुंगीला दोन दगडांमधून वाट मिळायची नाही, ती बिचारी वळसा घालून दारातून आत जायची, असं म्हणतात. त्याच्या कमानीखाली उभं राहून कुणी खोटं बोललं तर कमान खाकरायची, असंही म्हणतात. ही दुसरी गोष्ट खरी असती तर पुढचं काही घडलंच नसतं, म्हणून ती सोडून देऊ.

पण धुळाजीच्या जिभेला देवानं एक शब्द द्यायचा राहून गेला होता. त्याला ‘नाही’ म्हणता यायचं नाही. घरमालक म्हणाला, “धुळाजी, हा कोनाडा जरा डावीकडं असता तर?” की धुळाजी कोनाडा डावीकडं न्यायचा. दुसऱ्या दिवशी मालकीण म्हणायची, “अगं बाई, उजवीकडंच बरा दिसत हुता की,” आणि तो पुन्हा उजवीकडं आणायचा. कुणाला जोतं हातभर उंच हवं असायचं, तो उंच करायचा. मग मालकाच्या आईचे गुडघे दुखायचे, आणि तो जोतं खाली घ्यायचा. हे सगळं हसत.

“माणूस खूश झाला पायजे गं,” तो येसूला म्हणायचा. “जलमभर नाव काढतंय.”

“नाव काढतंय,” येसू म्हणायची, “कनवटीचं काय काढत न्हाई.”

आणि माणसं खूश होतही होती, त्यात खोट नाही. गावात तेव्हा अशी रीत होती की वास्तुशांतीच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, घरमालकानं गवंड्याला पाटावर बसवायचं, कपाळाला टिळा लावायचा, डोक्याला फेटा बांधायचा, हातात नारळ द्यायचा आणि सगळ्या गावादेखत विचारायचं, “गवंडी, काय राहिलं?” यावर गवंड्यानं हात जोडून म्हणायचं, “सगळं पावलं.” दुसरं उत्तरच नव्हतं. नव्या घरात पहिल्या दिवशी कुणी ‘बाकी’ असा शब्द काढला तर त्या घरात कायमच काहीतरी बाकी राहतं, अशी समजूत होती.

फार पूर्वी म्हणे हे विचारायच्या आधीच गवंड्याची मजुरी त्याच्या हातात पडलेली असायची, आणि विचारणं नुसतं गोडीचं असायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मजुरी नंतर दिली तरी चालते. मग आणखी कुणाच्या तरी लक्षात आलं की गवंड्यानंच गावादेखत ‘सगळं पावलं’ म्हटल्यावर नंतर तरी कशाला द्यायची? माणसाची अक्कल अशी हळूहळूच वाढत जाते.

तर धुळाजीच्या घरात दोरीवर फेटेच फेटे लटकलेले असायचे, बाजेखाली नारळांचा ढीग असायचा, आणि जोंधळ्याच्या कणगीत उंदीरसुद्धा डोकावून परत फिरायचे. येसू नारळाची चटणी करायची, नारळाची आमटी करायची, आणि काहीच नसेल त्या दिवशी नुसता नारळ. पावसाळ्यात छपराच्या भोकांत ती फेटे कोंबायची. गावाला दगडी भिंती देणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर कुडाचं होतं आणि त्याच्या छपरातून रंगीबेरंगी सन्मान गळत असायचा, असं म्हणतात.

येसूच्या वाट्याला एकच काम असायचं, पण ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. घराचा उंबरा ती घडवायची. माळावरच्या काळ्या दगडांतून ती एकेकाला हातोड्यानं हलकंच ठोकायची, कान लावून ऐकायची, आणि ज्याचा आवाज तिच्या मनाला पटेल तोच दगड घ्यायची. उंबरा बसवताना ती वाकून दगडाशी काहीतरी पुटपुटायची. “हितल्यांचं हितं राहू दे,” एवढं लोकांना ऐकू यायचं, आणि त्यांना बरं वाटायचं. पुढचं अर्धं ती हळू म्हणायची. “आणि दुसऱ्याचं हितं राहू नको देऊ.” ते दगडाला ऐकू जायचं.

सगळेच बुडवायचे असं नाही. नदीकडच्या राणू कुंभारणीनं एका खोलीचं घर बांधून घेतलं तेव्हा तिनं मजुरी मडक्यांत दिली, रांजणांत दिली, उरलेली कोंबड्यांत दिली, तीही वास्तुशांतीच्या आधी. फेट्याला कापड नव्हतं म्हणून तो तेवढा राहून गेला. धुळाजीला जरा चुकल्यासारखं वाटलं. येसूला नाही वाटलं.

अशात व्यंकोजी पाटलांनी घर बांधायला काढलं.

पाटलांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. सोयरे मोठे होते, आणि त्यांची वरात दारात आली की त्यांचे डोळे विस्फारले पाहिजेत, अशी पाटलांची इच्छा होती. ती इच्छा रोज सकाळी बदलायची. कमान गोल हवी, मग टोकदार हवी, मग शेजारच्या गावच्या देशमुखांकडं गोलच आहे असं कळलं, म्हणून पुन्हा गोल. भिंत पाडायची, भिंत रचायची. “धुळाजी, तू म्हंजे माणूस हायेस माणूस!” असं म्हणून पाटील त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि धुळाजीच्या पाठीचा चुना पाटलांच्या हाताला लागायचा. तेवढाच काय तो पाटलांचा त्या घराला हात लागला.

प्रत्येक वेळी भिंत रचायची तर नवा चुना लागतो. चुना मळायची घाणी लाडी नावाच्या बाईची होती. गोल चरात दगडी चाक, चाकाला जू आणि जुवाला तिचा एकुलता बैल, पाखऱ्या. तो गोल गोल फिरायचा, चाकाखाली चुना मऊ व्हायचा, आणि त्यावर लाडीचं घर चालायचं. पाटलांची कमान शेवटची गोल झाली त्या दिवशी पाखऱ्या फिरता फिरता थांबला, गुडघ्यावर बसला, आणि पुन्हा उठला नाही.

पाटील स्वतः आले. बैलाजवळ उभे राहिले. “लाडे, रडू नको,” ते म्हणाले. “माझ्या घरापायी गेलाय त्यो. वास्तुशांतीला तुझ्या दावणीला खिल्लारी बैल बांधतो. पाटलाचा शब्द हाय.”

लाडीनं पाटलांकडं बघितलंच नाही. तिनं येसूकडं बघितलं.

“शब्द त्यांचा,” येसू म्हणाली, “जामीन मी.”

एवढ्या बोलण्यावर लाडी उठली. उरलेला चुना तिनं स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन मळला. ज्या चुन्यानं पाटलांच्या दर्शनी भिंती आरशासारख्या झाल्या तो चुना बाईनं ओढलेला आहे, हे तिथं जेवायला बसलेल्या कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. कुणी सांगितलंही नाही.

वास्तुशांतीचा दिवस आला. आंब्याची तोरणं, होमाचा धूर, तुपाचा वास. धुळाजी पाटावर बसला. या वेळी फेटा जरीचा होता. गावकऱ्यांच्या मागं, पार शेवटी, लाडी उभी होती, आणि तिच्या खांद्यावर जुवाचा वळ होता. बायकांमध्ये येसू उभी होती आणि नवऱ्याच्या ओठांकडं बघत होती.

“गवंडी,” पाटलांनी खणखणीत आवाजात विचारलं, “काय राहिलं?”

धुळाजीनं तोंड उघडलं. त्यानं लाडीकडं बघितलं. मग तोरणाकडं बघितलं, होमाकडं बघितलं, पाटलांच्या हसऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. सगळे किती खूश होते!

“सगळं पावलं,” तो म्हणाला.

गावानं वाहवा केली. येसूनं त्या दिवशी पाटलांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, असं म्हणतात.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “बैल पावला का?”

“अगं, शुभ दिवशी असं कसं...”

“दिलं न्हाई तरी चालतं, मागितलं की चालत न्हाई,” येसू म्हणाली. “ह्येला शुभ म्हणत्यात व्हय तुमच्यात?”

धुळाजी जरीचा फेटा घडी घालत बसला.

मग येसू पाटलांकडं जाऊ लागली. रीतसर, डोक्यावर पदर घेऊन, ओट्याच्या खाली उभी राहून. पाटील जेवतायत, असं कळायचं. पाटील झोपलेत. पाटील पूजेत आहेत. त्या दिवसांत पाटलांनी इतकी पूजा केली की देवालाच कंटाळा आला असावा. एकदा मात्र ते ओट्यावर सुपारी कातरत बसलेले तिला सापडले.

“पाटील, लाडीचा बैल,” येसू म्हणाली. “आणि आमची, दगडफोड्यांची, सगळ्यांची मजुरी.”

“आता गं बया!” पाटील म्हणाले. “सगळं पावलं असं तुझाच दाल्ला म्हणाला की गावादेखत. मी काय त्येला खोटा पाडू? चांगला माणूस हाय त्यो.” आणि सुपारी तोंडात टाकून, मायेनं म्हणाले, “येसू, असं घर बांधल्यावर नाव किती झालं तुमचं! पैशाचं काय घेऊन बसलीस?”

“नाव चुलीवर ठिवून बघितलं, पाटील,” येसू म्हणाली. “शिजत न्हाई.”

पाटील हसले. त्यांना ते विनोदी वाटलं. “लगीन होऊ दे,” ते म्हणाले, “मग बघू.”

येसू परतली ती लाडीच्या दारावरून. लाडी रिकाम्या दावणीपाशी शेणी थापायचं सोडून नुसती बसली होती, कारण शेणही बैलाबरोबर गेलं होतं. तिनं काही विचारलं नाही. न विचारलेलं येसूला जास्त लागलं.

लग्न सोयऱ्यांच्या गावी लागलं. वरात दुपार टळायच्या सुमाराला खडकेवळ्यात पोचणार होती. निम्मं गाव वेशीवर जमलं होतं, आणि पाटलांच्या दारात फक्त रांगोळी होती. तेव्हा येसू आली. तिच्या एका हातात पहार होती आणि दुसऱ्या हातात तो जरीचा फेटा.

ती उंबऱ्यापाशी बसली. दगडाला कान लावला. मग हळू नाही, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “दुसऱ्याचं हितं राहू नको देऊ.”

पहार लावायची गरजच पडली नाही. जो दगड आणताना वडारांच्या खांद्यांची सालं गेली होती तो उंबरा लेकराच्या दुधाच्या दातासारखा अलगद निघून आला. येसूनं जरीच्या फेट्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, चुंबळीवर उंबरा ठेवला, आणि पाण्याची घागर घेऊन निघावं तशी माळाकडं चालू लागली. त्या फेट्याचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

आणि मग, असं म्हणतात, तिच्या मागं गल्लीत दगड करकरला. देशपांड्यांच्या दाराचा उंबरा चौकटीतून सुटला आणि घसटत रस्त्यावर आला. त्याच्या मागं तेल्याचा. त्याच्या मागं वाण्याचा. ज्या ज्या घरानं फेटा बांधून हात झटकले होते त्या त्या घराचा उंबरा निघाला, आणि गाई घराकडं परततात तशी दगडांची रांग येसूच्या मागं मागं माळावर गेली. राणू कुंभारीण तेव्हा आपल्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. तिच्या बुडाखालचा दगड तेवढा गप्प होता. “काय गं येसू, कुणीकडं?” तिनं विचारलं. “आमचं हाय ते घेऊन चाललेय,” येसू म्हणाली. राणूनं मान डोलावली आणि पुढची शेंग घेतली.

उंबरा गेलेल्या घरांचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. कणग्यांमधला जोंधळा ओघळून दारातून बाहेर वाहू लागला. दूध उतू गेलं ते चुलीत न पडता सरळ गल्लीत गेलं. पाळणे दाराच्या दिशेनंच झोके घेऊ लागले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरातलं बोलणं घरात राहीना. सासू सुनेला आत चुलीपाशी काय म्हणाली, भाऊ भावाला माजघरात काय म्हणाला, सगळं दारातून घरंगळत चावडीपर्यंत ऐकू येऊ लागलं. इज्जतदार घरं होती ती सगळी. त्या एका दुपारी गावाला त्यांच्याबद्दल जेवढं कळलं तेवढं आधी कधीच कळलं नव्हतं.

अशात वरात आली.

नवरीचं नाव सगुणा होतं. लग्नभर ती चकार शब्द बोलली नव्हती, इतकी की पाटलांच्या नात्यातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, “मुकी तर न्हाई ना दिली?” ती मुकी नव्हती. ती बघत होती. पाटलीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, दिवे ओवाळले आणि तांदळांनी भरलेलं माप ठेवायला वाकल्या. ठेवायचं कुठं? उंबऱ्याच्या जागी नुसती खाच होती. त्यांनी माप खाचेत ठेवलं. माप आपोआप कलंडलं, पायऱ्या उतरलं, आणि तांदूळ सांडत गल्लीत गेलं. उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा गेलं. सोयरे डोळे विस्फारून बघत होते. पाटलांना हवं होतं तसंच, फक्त कारण वेगळं होतं.

“असू दे गं बाई, अशीच ये आत,” पाटलीणबाई म्हणाल्या.

सगुणानं खाचेकडं बघितलं. “उंबरा कुठं गेला?” तिनं विचारलं.

सगळे दचकले. कुणीतरी म्हणालं, “गवंडीण घेऊन गेली.”

“का?”

मग गर्दीतून राणू कुंभारीण शेंगांची टरफलं झटकत म्हणाली, “तिचाच हुता म्हणून.”

सगुणा वळली आणि शालूसकट, मुंडावळ्यांसकट पायरीवर खाली बसली. “मग तो आणा,” ती म्हणाली. “ज्या घराला उंबरा नाही तिथं मी आत आले काय न् बाहेर राहिले काय, सारखंच.”

“अगं पण सूनबाई...” पाटील म्हणाले.

सूनबाईनं पदर सारखा केला आणि गल्लीकडं तोंड करून बसून राहिली. तिच्या वडिलांनी घसा खाकरला आणि आपल्या गाडीवानाला बैल सोडू नकोस म्हणून खूण केली. ती खूण पाटलांनी बघितली.

पाटील माळावर गेले. त्यांच्या मागं वऱ्हाड, वऱ्हाडामागं गाव. माळावर येसू आपल्या उंबऱ्यावर बसली होती, आणि बाकीचे उंबरे तिच्या भोवती रवंथ करत बसल्यासारखे पसरले होते. धुळाजीही आला होता. तो जरा लांब उभा होता.

“ह्यो काय तमाशा मांडलायस?” पाटील ओरडले.

“मी कुठं धरून ठेवलाय?” येसू उठून बाजूला झाली. “न्या की.”

पाटलांचे गडी पुढं झाले. उंबरा हलला नाही. आणखी गडी लागले. उंबरा नुसता बसल्या जागी जड झाला. तेव्हा जमलेल्यांतल्या सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की दगडाचं वजन दगडाएवढं नाही, देण्याएवढं आहे.

पाटलांनी कमरेची पिशवी काढली. त्यांनी दगडफोड्यांना दिलं आणि उंबऱ्याचं एक टोक हललं. त्यांनी वडारांना दिलं, पण जरा हात आखडून, तर हललेलं टोक पुन्हा खाली बसलं. ते चडफडले, उरलेलं दिलं. सुताराला दिलं, पाणक्याला दिलं. येसूच्या पुढ्यात धुळाजीची सगळी मजुरी मोजून ठेवली. उंबरा बोटभर वर आला. मग पाटलांनी गड्याला हळूच काहीतरी सांगितलं, आणि गडी लाडीसाठी एक बैल घेऊन आला. बैल म्हातारा होता, एका डोळ्यानं अधू होता, आणि उभ्या उभ्या डुलत होता. उंबरा धप्पकन खाली आदळला तो पाटलांच्या जोड्यावर. पाय वेळेवर मागं घेतला म्हणून नुसता जोडाच गेला, असं म्हणतात.

लाडी पहिल्यांदाच हसली.

शेवटी पाटलांनी वरातीतल्या आपल्या गाडीचा खिल्लारी बैल सोडला. झूल, घुंगरमाळा, सगळ्यासकट लाडीच्या हातात कासरा दिला. लाडीनं बैलाच्या मानेवरून हात फिरवला, जिथं जू बसतं तिथं. मग तिनं येसूकडं बघून मान हलवली. येसू जामिनातून मोकळी झाली.

आणि तरी उंबरा उठेना.

“आता काय माझा जीव पायजे?” पाटील रडवेले झाले.

“तुमचं झालं,” येसू म्हणाली. ती नवऱ्याकडं वळली. “आता ह्यांचं राहिलंय. पाटील, इचारा. तवा इचारलं हुतं तसंच इचारा.”

पाटलांचा आवाज या वेळी खणखणीत निघाला नाही. “गवंडी... काय राहिलं?”

धुळाजीनं हात जोडले. सवयीनं जोडले. त्याच्या ओठांवर तेच दोन शब्द आले, आणि सगळा गाव बघत होता, आणि सोयरे बघत होते, आणि पाटलांचा चेहरा इतका बिचारा झाला होता की त्याला खूश करावंसं कुणालाही वाटलं असतं. धुळाजीनं हात सोडले.

“बाकी हुतं,” तो म्हणाला. “बाकी हुतं, पाटील. तुम्ही दिलं न्हाईत, आणि मी पावलं म्हणालो. तुमचं तोंड गोड ऱ्हावं म्हणून खोटं बोललो. त्या लाडीच्या अंगावरचा वळ बघून खोटं बोललो.”

हे म्हणताना त्याच्या घशातून पांढऱ्या चुन्याचा लोट बाहेर आला, आयुष्यभर गिळलेला, आणि वाऱ्यानं माळभर पसरला. तिथं अजून गवत पांढुरकं उगवतं. धुळाजी खोकला, डोळे पुसले, आणि दुसऱ्याच आवाजात म्हणाला, “उचला आता.”

उंबरा लाहीसारखा हलका झाला होता. पण येसूनं गड्यांना हात लावू दिला नाही. तेव्हा पाटलांनी डोक्याचं पागोटं काढलं, त्याची चुंबळ केली, आणि आपला उंबरा आपल्या डोक्यावर घेऊन, एका पायात जोडा आणि एक पाय अनवाणी, गावातून घरी गेले. धुळाजीनं तो खाचेत बसवला. सगुणा पायरीवरून उठली, मापाला पाय लावला, आणि तांदूळ आत सांडले. एकही दाणा बाहेर आला नाही.

बाकीचेही एकेक करून माळावर आले. काही मजुरी घेऊन आले, काही सबबी घेऊन आले, आणि दगडांना त्यातला फरक कळत होता. एक घर मात्र आलंच नाही. त्यांचा उंबरा अजून माळावर पडून आहे. ते घर कुणाचं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या घरातल्या आजच्या पोरांची लग्नं व्हायचीत म्हणून नाव कुणी घेत नाही.

येसू पुढं खूप म्हातारी झाली. तिच्या घराचं छप्पर शाकारलं गेलं, कणगी भरली, आणि फेटे लोकांच्या झोळ्यांना आणि चुंबळींना वाटून संपले. मग ती रोज दुपारी माळावर जाऊन त्या बेवारशी उंबऱ्यावर बसायची. “आजी, कशाला बसता उन्हात?” कुणी विचारलं तर म्हणायची, “येतील की. द्यायचं हाय त्यांचं.” एका संध्याकाळी तिला आणायला माणसं गेली तेव्हा तिथं ती नव्हती, नुसता दगड होता, आणि दगड कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा उबदार होता. तो आजही संध्याकाळी उबदारच असतो. उन्हानं तापत असेल, असं शाळेतले मास्तर म्हणतात. ते पावसाळ्यातही हात लावून बघतात, आणि हात तसाच ठेवून उभे राहतात.

तेव्हापासून खडकेवळ्यात घराचा उंबरा सगळ्यांत शेवटी बसतो. भिंती होतात, छप्पर होतं, रंग होतो, आणि दाराशी खाच तशीच राहते. ठरल्या दिवशी गवंडी आत सावलीत उभा राहतो आणि मालक बाहेर उन्हात. मालक विचारतो, “काय राहिलं?” आणि गवंड्यानं म्हणायचंच असतं, “बाकी आहे.” सगळं दिलं असलं तरीही म्हणायचं, आणि मग ते खोटं ठरू नये म्हणून मालकानं आणखी ओंजळभर धान्य तरी द्यायचं. नारळ त्याच्यानंतर. तो गवंडी कानाशी नेऊन हलवतो, आणि सगळे हसतात. ‘सगळं पावलं’ हे दोन शब्द या गावात कुणी जेवून उठल्यावरही म्हणत नाही.

आणि नवरी दारात आली की मापाला पाय लावायच्या आधी ती येसूचं नाव घेते आणि मोठ्यानं विचारते, “ज्यांनी बांधलं त्यांचं दिलं?” सासऱ्यांनी उंबऱ्याला हात लावून उत्तर द्यायचं असतं.

आता घरं सिमेंटची होतात आणि उंबरा ग्रॅनाइटचा येतो. पाटील पूजेत आहेत असं आता कुणी सांगत नाही, साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगतात. पण नवरीनं विचारणं थांबलेलं नाही. परवाच वरच्या आळीत एक वरात आली. घर तीन मजली, लाइटिंग नदीपलीकडून दिसेल असं. नवरीनं येसूचं नाव घेतलं आणि विचारलं.

“दिलं, दिलं, ये आत,” सासरे घाईनं म्हणाले. उंबऱ्याला मात्र त्यांचा हात लागला नाही.

मांडवाच्या खांबाला टेकून फरशीवाला हातात बुंदीची ताटली घेऊन उभा होता. त्यानं ताटली खाली ठेवली. “बाकी आहे,” तो म्हणाला.

बँडवाले वाजवायचे थांबले, त्यांचंही बाकीच होतं. सासऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला, रेंज शोधत अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, चष्मा वर केला, खाली केला, अंगठा दाबला. थोड्या वेळानं फरशीवाल्याच्या खिशात टिंग झालं. नवरीनं पाय उचलला.

फरशीवाल्यानं मोबाइल बघितला.

“अर्धंच आलंय,” तो म्हणाला.

नवरीनं उचललेला पाय पुन्हा खाली ठेवला.